बाजू बदला

आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीशेजारी एक पितळी घंटी असायची. वरची कळ दाबली की टणकन वाजणारी. बाबा मुख्याध्यापक होते आणि वक्तृत्वाचं त्यांना इतकं वेड की शाळेत पोरांना बोलायला लावून त्यांचं पोट भरायचं नाही, ते घरीही तेच. दर रविवारी जेवताना एक विषय निघायचा. नळाचं पाणी फुकट असावं की नसावं. चोराला शिक्षा करावी की काम द्यावं. थोरला दादा बाजूने बोलायचा, धाकटा छोट्या विरुद्ध. मी मधली. मला बाजूच नव्हती. बाबा स्वतःचं मनगटी घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवायचे आणि मी वेळ बघायची. निम्मी वेळ झाली की मी घंटी वाजवायची आणि बाबा ओरडायचे, "बाजू बदला!"

खरी गंमत तिथेच होती. आत्तापर्यंत चोराला तुरुंगात टाका म्हणून टेबलावर मुठी आपटणारा छोट्या पुढच्याच क्षणाला चोराच्या उपाशी पोरांसाठी गळा काढायचा. आणि दादा, ज्याने इतका वेळ चोराची कड घेतली होती, तो त्याला फासावर चढवायला निघायचा. बाबा खूश. "माणसाला दोन्हीकडून बोलता आलं की तो कुठे अडत नाही," म्हणायचे. शेवटी मी परत घंटी दाबायची आणि म्हणायची, "वेळ संपली." त्या टेबलावर मला एवढं एकच वाक्य होतं. घरात माझं नाव पडलं घड्याळ, ते आजतागायत तेच आहे.

आई म्हणाल तर आई वाढत असायची. गरम गरम म्हणून आणायची आणि ते सगळं वादात गार व्हायचं. तिला काय वाटतं असं कुणी कधी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

बाबा गेले. दादा अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, छोट्याने न्हाणीघराच्या नळांचं आणि फरशांचं दुकान टाकलं, त्याचं मोठं शोरूम केलं आणि व्यापारी संघटनेचा अध्यक्ष होऊन बसला. मी नवरा गेल्यावर आईकडे परतले आणि तिच्या भाड्याच्या घराच्या खालीच एका गाळ्यात शिलाईचं काम सुरू केलं. पँटची उंची कमी करा, चेन बदला, कंबर ढिली करा. लोक जाड होतात, मला काम मिळतं. दोघींचं त्यात आणि बाबांच्या पेन्शनीत नीट चालायचं.

मग सरकारने ते विधेयक आणलं. सगळ्यांचा दवाखाना सरकार करणार, खर्च करातून. देश दोन तोंडांनी बोलायला लागला आणि त्यातली दोन तोंडं आमच्या घरची निघाली. दादा म्हणाला, आजार हा कुणाचा गुन्हा नाही, पैसे सरकारनेच भरायचे. छोट्या म्हणाला, माझ्या घामाचे पैसे शेजाऱ्याच्या सिगारेटच्या खोकल्यावर का? एका वाहिनीवाल्याला कळलं की हे सख्खे भाऊ आहेत, झालं! दर आठवड्याला दोघांना समोरासमोर बसवायला लागले. कार्यक्रम तुफान चालला. माझ्याकडे पँट घेऊन येणारे विचारायचे, "काय हो, ते खरंच घरी पण असेच भांडतात?" मी म्हणायची, "छे हो, घरी याहून वाईट."

आई कार्यक्रमाच्या आधी तोंड धुऊन, केस विंचरून बसायची. जणू ते पडद्यातून तिला बघणार होते. "दोघंही किती छान बोलतात गं," म्हणायची. कोण काय म्हणालं ते तिला सांगता यायचं नाही. छान बोलतात, एवढंच.

त्याच दिवसांत ती जिन्यात थांबायला लागली. आधी वरच्या वळणावर, मग खालच्या, मग दर दोन पायऱ्यांनी. "अगं, जरा उभी राहते, घाई काय आहे," म्हणायची आणि कठडा घट्ट धरायची. पाय सुजले. मी तिला ओढून डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, ती बदलायला हवी होती.

"किती थांबता येईल?" मी विचारलं.

"थांबू नका," डॉक्टर म्हणाला.

सरकारी रुग्णालयात गेले तर रांग ही एवढी. तिथला तरुण डॉक्टर बिचारा चांगला होता. म्हणाला, दोन शस्त्रक्रियागृहं आहेत, एक बंद पडलंय, दुरुस्तीला पैसे मंजूर नाहीत. नाव लिहून घेतो. कधी बोलावतील ते मात्र मला विचारू नका. खाजगीत गेले तर तिथे रांग नव्हती. तिथे गार हवा होती, मऊ सोफे होते आणि काउंटरवरच्या बाईंनी हसतमुखाने जो आकडा सांगितला तो ऐकून मी सोफ्यावरून उठलेच.

माझ्याकडे होतं ते मी काढलं. निम्मंही होईना. म्हणून भावांकडे गेले. भिकेला नाही गेले, त्यांच्या आईसाठी गेले.

दादाने नवीन फ्लॅटच्या गॅलरीत बसवून चहा दिला. खूप वेळ विचारात असल्यासारखं तोंड केलं. "हे बघ घड्याळ," म्हणाला, "मी रोज पडद्यावर सांगतो की खाजगी दवाखान्यांच्या खिशात पैसे घालू नका. उद्या माझीच आई तिथे दिसली तर? लोक मला जोड्याने मारतील. आणि विधेयक पुढच्या अधिवेशनात येतंय. ते झालं की आईचं सगळं फुकट होईल. थोडी कळ काढू."

"कळ तू नाही काढत, आई काढतेय," मी म्हणाले.

वहिनीने बिस्किटं पुढे केली.

छोट्या शोरूममध्ये भेटला. चकचकीत नळांच्या मधोमध. त्याचं गणित सोपं होतं. "ताई, मी द्यायला तयार आहे. आत्ता, या क्षणी. पण दादा जेवढे देईल तेवढेच, एक पैसा जास्त नाही. सख्खे भाऊ आहोत, बरोबरीने द्यायला हवं की नको? शिवाय मी आईला कधीच म्हणालो होतो, विमा काढ. काढला का? जो तो आपापल्या निर्णयाचा धनी असतो."

"दादा काहीच देत नाहीये."

"मग बघ बुवा," तो म्हणाला आणि दोन्ही हात वर केले.

म्हणजे एक तत्त्व म्हणून देत नव्हता आणि दुसरा पहिल्याइतकंच देणार होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या दुकानातला सगळ्यात महाग नळ उघडला आणि तसाच सोडून निघाले. पाणी येतच नव्हतं त्याला, शोभेचा होता.

शेवटी मीच ठरवलं की दोघांना समोर बसवायचं, आईच्या देखत. आईच्या देखत काय बोलतात बघू. रविवारी बोलावलं. दोघे बायकांना घेऊन आले. छोट्याने फळं आणली, दादाने आईच्या पाया पडून तिचा हात हातात घेतला. जुन्याच टेबलाभोवती बसलो. आई तिच्या खुर्चीत, पाठीला दोन उशा. घंटी मिठाजवळ होती तिथेच होती, बाबा गेल्यापासून कुणी वाजवली नव्हती.

मी सरळ विषय काढला. "आईचं ऑपरेशन करायचंय. पैसे कोण भरणार?"

चूक झाली. मी प्रश्न विचारला आणि त्यांना विषय मिळाला.

दादा सावरून बसला. म्हणाला, प्रश्न आपल्या आईचा नाहीच, प्रश्न प्रत्येक आईचा आहे. छोट्या म्हणाला, प्रत्येक आईचा असेल तर प्रत्येक आईच्या मुलांना विचार, मला का विचारतोस? दादाने दुसऱ्या देशांचे दाखले काढले. छोट्याने त्याच देशांतल्या रांगा काढल्या. एकाने गरिबांवर बोट ठेवलं, दुसऱ्याने आळशांवर. टेबलावर मुठी आपटल्या, पाण्याचे पेले हलले. वहिनी आणि धाकटी, दोघी आपापल्या नवऱ्याकडे कौतुकाने बघत होत्या. आई बघत होती एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि तोंडाने श्वास घेत होती. तिचं नाव आता कुणाच्याही वाक्यात नव्हतं.

मी ओरडणार तेवढ्यात घंटी वाजली.

आईने वाजवली होती. खुर्चीतून पुढे वाकून, हात लांब करून. आयुष्यात पहिल्यांदा. दोघेही वाक्याच्या मध्येच थांबले, तोंडं उघडी ठेवून. लहानपणीची सवय, ती कुठे जाते?

"बाजू बदला," आई म्हणाली.

सगळे हसले. दादा म्हणाला, "काय गं आई!" पण त्याचे डोळे चमकले, ते मी पाहिलं. छोट्याने खुर्ची मागे सारून बाह्या वर केल्या. मैदान दिसल्यावर या दोघांना राहवतंय थोडंच.

आणि काय बोलले म्हणून सांगू!

दादा उठून उभा राहिला. "सरकार, सरकार काय लावलंय?" तो म्हणाला. "हिने स्वतःच्या ताटातलं उचलून आमच्या ताटात वाढलं, तेव्हा सरकार आलं होतं? मी तापाने फणफणलो तेव्हा उशाशी कोण बसलं, मंत्री? मग आज हिच्या औषधाचा भार शेजाऱ्याच्या पगारावर का टाकायचा? आधी मुलांनी खिशात हात घालावा. त्यातही थोरल्याने आधी. कायदा यायचा तेव्हा येईल. माणसाचा श्वास अधिवेशनाची वाट बघत नाही." त्याचा आवाज फाटला. वहिनीने पदर डोळ्यांना लावला.

छोट्या त्याच्याही वर गेला. "आपलं आपण बघा म्हणणाऱ्याला मला एकच विचारायचंय," तो म्हणाला. "तू जन्माला आलास तेव्हा सुईणीचे पैसे तू दिले होतेस का? बरोबरीचा हिशेब कसला मांडता? बरोबरी तर दुकानात असते. घरात ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जास्त द्यायचं, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मागायचंसुद्धा नाही. घराला जे लागू, तेच देशाला लागू. आणि जो म्हणतो ना, की विमा का नाही काढला, त्याने आधी आरशात बघावं."

धाकटीने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. आणि मी, मूर्ख मी, मलाही रडू फुटलं. वाटलं, आलं बाहेर. इतके दिवस आत कोंडलेलं होतं, आई ती, तिने बरोबर ओळखलं आणि बाहेर काढलं. दोघांनी आपल्याच तोंडाने कबूल केलं. आता काय उरलं? मी आईकडे बघितलं तर तिचा चेहरा उजळला होता. कित्येक दिवसांनी गालांवर रंग दिसत होता.

"मग उद्या जायचं का?" तिने विचारलं.

"कुठे?" दादा म्हणाला.

"दवाखान्यात. तू म्हणालास ना आत्ता."

दादाने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. मग लहान मुलाला समजवावं तसा तिच्याजवळ वाकला. "अगं आई, ती बाजू होती. तूच म्हणालीस ना, बदला म्हणून?"

"ते माझं मत नव्हतं," छोट्याही म्हणाला. "असं बोलावं लागतं गं." तो अजून धापा टाकत होता, कपाळावर घाम होता, एकदम खुशीत होता. "ते राहू दे. निकाल दे आधी. कोण जिंकलं?"

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"तुमचे बाबा," ती म्हणाली.

त्यांना वाटलं ती विनोद करतेय. हसले. मी मात्र उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. लाजा वाटतात का, म्हणाले. जिभा झडत कशा नाहीत, म्हणाले. दादा शांतपणे म्हणाला, "घड्याळ, चिडू नकोस. भावनेच्या भरात धोरणं ठरत नाहीत." छोट्याने मान डोलावली. त्या दिवसात तेवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं. फळं ठेवून गेले.

मी मशिनी विकायला काढल्या. आईने दारात हात आडवे धरले. "मशीन विकशील आणि मग मी जगून खाऊ काय, झडप?" म्हणाली. विकूनही पुरत नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी व्याजाने काढू म्हटलं तर म्हणाली, "माझ्यामागे तुला फेडत बसायला लावणार नाही. रांगेत नाव आहे ना, नंबर येईल." ती त्यानंतर भावांचा कार्यक्रम बघायची नाही. मी लावला तर भिंतीकडे तोंड करायची. भाऊ फोन करायचे, ती बरी आहे म्हणायची आणि फोन माझ्या हातात द्यायची.

घंटी मी तिच्या पलंगाशी नेऊन ठेवली. मी खाली गाळ्यात असायची, तिचा आवाज आता जिन्यापर्यंतही पोचायचा नाही. श्वास लागला की ती कळ दाबायची आणि मी हातातलं काम टाकून वर पळायची. गिऱ्हाईकांनाही सवय झाली. घंटी वाजली की तेच म्हणायचे, "जा जा, आम्ही बसतो." परकी माणसं, पण तोंडात मापाची टेप धरून मी तशीच धावत सुटले तरी कुणी चकार शब्द काढला नाही. कधी कधी काही झालेलं नसायचं. "काही नाही गं," म्हणायची, "येतेस का ते बघितलं." मी रागवायची, आणि आतून बरं वाटायचं.

अधिवेशन आलं. विधेयक पुढच्या अधिवेशनावर ढकललं. दादा म्हणाला हा नैतिक विजय आहे, छोट्या म्हणाला हा जनतेचा विजय आहे.

त्यानंतर एका दुपारी मी एका माणसाच्या कोटाचं अस्तर उसवत होते. घंटी वाजली. एकदाच, आणि अर्धवट, जणू कळ पूर्ण दाबली गेली नसावी. मी गेले. पळतच गेले. वर पोचले तेव्हा आई उशीवर कलंडलेली होती आणि हात घंटीवर होता. मी तिला हाका मारल्या. मग तिचे पाय हातात घेऊन बसले, गार होईपर्यंत. खालचा माणूस कोट तसाच टाकून शेजाऱ्यांना बोलवायला गेला.

भाऊ आले. रडले. खोटं नाही बोलणार, खरंच रडले, दादाला तर धरून बसवावं लागलं. खांदा दोघांनी दिला. मला वाटलं होतं मी त्यांच्या अंगावर धावून जाईन, पण माझ्यात तेवढा जीवच उरला नव्हता.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकू बोलवायला आल्या, चल, तुझे भाऊ टीव्हीवर लागलेत, आईबद्दल बोलतायत. मी गेले. दोघेही गडद कोटात. मध्ये आईचा फोटो, भला मोठा. दादा म्हणाला, "हा कायदा असता तर माझी आई आज जिवंत असती." छोट्या म्हणाला, "माझी आई सरकारी रांगेत गेली. उद्या तुम्हा सगळ्यांना त्याच रांगेत उभं करायचंय यांना." काकू ढसाढसा रडत होत्या. आणि मला राग कशाचा आला सांगू? दोघेही बरोबर बोलत होते. एक शब्द खोटा नव्हता. कायदा असता तर ती वाचली असती, आणि रांगेतच गेली. त्या फोटोच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांनी एक-एका चेकवर सही केली असती तरीही वाचली असती, ही तिसरी बाजू मात्र त्या टेबलावर नव्हती.

मग दादाने ती गोष्ट सांगितली. आजारी आईने घंटी वाजवून "बाजू बदला" कसं म्हटलं, आणि दोघा भावांनी कसं एकमेकांच्या जागी उभं राहून पाहिलं. सूत्रसंचालक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती मोठी शिकवण दिली आईंनी." पैशांचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. दादाने सांगितलं नाही.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. मी गाळ्यात होते. घंटी मशीनशेजारी ठेवली होती, सुयांच्या डबीजवळ.

"घड्याळ, ती बाबांची घंटी तुझ्याकडेच आहे ना?" आवाज उत्साहात होता. "वाहिनीवाल्यांना हवी आहे. त्या भागाला एवढा प्रतिसाद आलाय की विचारू नकोस. आता दर कार्यक्रमात निम्म्या वेळेला घंटी वाजणार आणि आम्ही बाजू बदलणार. आईची आठवण म्हणून. नवी पण चालली असती, पण खरी असली तर बरं, लोकांना भिडतं."

मी हातातला दोरा दातांनी तोडला.

"ताई, मी पण आहे लाइनवर," छोट्या म्हणाला. "गाडी पाठवतो घ्यायला. तसं बघितलं तर ती बाबांची, म्हणजे तिघांची."

"तिघांची कशी?" दादा म्हणाला. "कुटुंबाचा वारसा म्हणजे एका अर्थी समाजाचाच वारसा."

"तुझं सुरू झालं परत. ज्याने सांभाळली त्याची मालकी, साधा नियम आहे. आपण ताईला तिची योग्य ती किंमत देऊ."

"प्रत्येक गोष्टीची किंमत कशी रे करतोस तू?"

"आणि तू प्रत्येक गोष्ट फुकट कशी मागतोस?"

रंगलेच. समोर बसलेल्या गिऱ्हाईकालाही ऐकू जात होतं, तो कार्यक्रमातले आवाज ओळखून हसायला लागला. मी फोन मशीनवर ठेवला, घंटी त्याच्याजवळ ओढली आणि कळ दाबली, पूर्ण, खालपर्यंत.

दोघेही गप्प झाले. वाक्याच्या मध्येच. तिकडून नुसता दोघांचा श्वास ऐकू येत होता. पुढचा शब्द कुणीतरी सांगेल म्हणून थांबले होते.

"वेळ संपली," मी म्हणाले आणि फोन बंद केला.